मुळे वकिलांचा फोरहँड

३० जून १९६३, रविवार. अमरावती

क्लबातला शेवटचा दिवस. नेहमीसारखा साडेपाचला गेलो. टेनिसच्या दोन्ही कोर्टांवर पाणी मारलं, चुन्याच्या रेघा ओढल्या. उद्यापासून दुसरा कोणी ओढणार म्हणून आज जरा जास्तच सरळ ओढल्या.

संध्याकाळी निरोप झाला. शाल, नारळ, चिवडा, पेढे. क्लबाचे सेक्रेटरी मुळे वकील बोलले. किसन वानखडे अठरा वर्षांचा असताना मार्कर म्हणून लागला, सव्वीस वर्षं पगारावर आम्हा सगळ्यांशी खेळला, आम्हाला खेळवलं, आता उजव्या गुडघ्यानं दगा दिला, वगैरे. मग हॉलमधल्या पाटीकडे बोट केलं. दरवर्षी दिवाळीनंतर ज्याला हवं तो मेंबर मार्करशी एक सेट खेळतो. मार्करला हरवलं की त्या मेंबराचं नाव सोनेरी रंगात पाटीवर चढतं. मुळे वकिलांचं नाव नऊदा आहे. म्हणाले, एवढ्या पट्टीच्या खेळाडूला नऊ वेळा हरवलं हे मी नातवंडांनाही सांगणार. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

नऊही वेळा मी हरलो, यात खोटं काही नाही. चांगला हरलो. एकदाही कोणाला संशय आला नाही.

४ जुलै

घरी बसून चार दिवस झाले. कौसल्येला माझी अडचण होते. ती सकाळी म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात आयाच्या कामावर जाते, तोवर मी तिच्या पायात. आज म्हणाली, बाहेर खाटेवर बसत जा.

बसलो. डॉक्टर म्हणतात रोज सहा-सहा तास खेळणं बंद, कधीमधी तासभर चालेल. रोज सहा तास आणि कधीमधी तासभर यात मधलं काही नाही का, विचारायचं राहिलं.

जुन्या वह्या काढल्या. ही चौदावी. पहिली क्लबाच्या गोऱ्या सेक्रेटरीनं दिली होती. कोणता मेंबर कुठे मारतो, कुठे चुकतो, ते रोज लिही म्हणाला. मेंबरांचं लिहिता लिहिता माझंही येत गेलं. ३८ सालचं पान सापडलं. नागपूरच्या स्पर्धेत नाव द्यायला गेलो होतो. टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, काय करता? मी ऐटीत सांगितलं, मार्कर आहे. त्यांनी फॉर्म परत दिला. खेळण्याचा पगार घेता, म्हणजे धंदेवाईक. ही स्पर्धा हौशी खेळाडूंची. त्याच दिवशी पॅसेंजरनं परत. पानावर एवढंच आहे: "गेलो. आलो."

पगार घेतला की खेळायची बंदी, हे नोकरी लागताना कोणी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी मी पगारच घेतला असता. घरात खाणारी सात तोंडं होती.

२१ जुलै, रविवार

मुळे वकील घरी आले. खाटेवर बसले, चहा घेतला. क्लबातल्या लोकांत आमच्या घरी चहा घेणारे हेच पहिले आणि अजून तरी शेवटचे. पंधरा वर्षांपूर्वीही असेच आले होते, आई गेली तेव्हा. हे मी विसरत नाही.

बातमी आणली. अकोल्याला जानेवारीत पंचेचाळिशीवरच्या लोकांची स्पर्धा आहे. ते स्वतः नाव देणार आहेत, वय छप्पन. मी म्हणालो, द्या साहेब, तुमचा फोरहँड अजून तसाच आहे. ते म्हणाले, "अरे, मी तुझ्यासाठी आलो. तू काहून नाव देत नाही?"

मी म्हणालो, मी धंदेवाईक. तर म्हणाले, नोकरी सुटली ना? मग नागपूरच्या संघटनेकडे अर्ज करायचा, यापुढे खेळाचा पैसा घेणार नाही असं लिहून द्यायचं, ते मंजूर करतील तर पुन्हा हौशी होता येतं. अर्ज इंग्रजीत मीच लिहितो, शिफारसही मीच करतो.

ऑगस्टात मला पंचेचाळीस पूर्ण होतात. ते गेल्यावर खाटेवर बसून राहिलो. सव्वीस वर्षांत एक खरी मॅच नाही. एकही नाही. मी किती चांगला खेळतो ते मला ठाऊकच नाही, हे आज पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

६ ऑगस्ट

अर्जावर सही केली. मु. वकिलांनी शिफारशीत लिहिलं आहे की मी या गृहस्थांशी पंधरा वर्षं खेळलो आहे आणि यांच्याइतका सचोटीचा माणूस पाहिला नाही. वाचून दाखवलं. मी खाली पाहत राहिलो. त्यांना वाटलं, लाजलो.

१८ ऑगस्ट

धामणगावहून एका शेटजींचा माणूस आला. कापसाचा व्यापार, बंगल्यात नवं कोर्ट बांधलं आहे. आठवड्यातून दोनदा येऊन शेटजींना शिकवायचं, पगार क्लबापेक्षा बरा, गाडीभाडं वेगळं. नाही म्हणालो. पैसा घेतला की अर्ज मेला.

कौ. ला संध्याकाळी कळलं. एरवी ती भांडत नाही, आज भांडली. "हाऊस करायचं वय हाय का हे तुमचं? मी बाया-पोरायचे घाणीचे कपडे धुऊन रायली अन् तुमी हौशी होऊन रायले." बरोबर आहे तिचं. म्हणूनच मी चिडलो. ताट सरकवलं. मग भूक लागली तेव्हा स्वतःच ओढून घेतलं. ती पाहत होती, हसली नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

परवा नागपूर. दरवर्षी दीक्षाभूमीवर जातोच, तेवढ्यात अर्जही हातोहात देऊन आलो. कौ. ला गर्दीत चुलतबहिणीजवळ बसवलं आणि सायकलरिक्षानं संघटनेच्या चिटणिसांच्या बंगल्यावर. बाहेरच्या बाकावर तासभर. मग आत बोलावलं. बसा म्हणाले. अर्ज वाचला. विचारलं, या वयात हौशी होऊन काय मिळणार तुम्हाला?

मी म्हणालो, मॅच मिळेल.

पाहत राहिले. ठीक आहे, कमिटीपुढे ठेवतो, म्हणाले. ३८ सालचं काही बोललो नाही. ते गृहस्थ हे नव्हतेच.

२० ऑक्टोबर

मंजुरी येवो न येवो, हात चालू ठेवायला हवा. बडनेऱ्याला रेल्वेवाल्यांचं एक कोर्ट आहे, तिथे सत्तारभाई गार्ड खेळतात. पस्तिशीचा माणूस, दणकट, हात सुटा. त्यांची ड्युटी नसली की मी सायकलीनं जातो. आज दोन सेट. ६-४, ६-४ हरलो. गुडघा ठीक होता. दम ठीक. मग हरलो कसा?

सत्तारभाईंनीच सांगितलं. नळावर तोंड धुता धुता म्हणाले, "किसनभाऊ, तुमी रिटायर कुठं झाले? अजून नोकरीवरच आहे ना तुमी."

म्हणजे काय, विचारलं. म्हणाले, सगळे चेंडू माझ्या उजव्या हाताले, कमरेच्या उंचीवर, मारायले सोयीचे. मी काय तुमचा मेंबर आहे?

घरी येईपर्यंत ते वाक्य सायकलीवर मागे बसून आलं.

२२ ऑक्टोबर

लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

मार्करचं काम जिंकणं नाही आणि हरणंही नाही. मेंबर घरी खुशीत गेला पाहिजे. त्यासाठी चेंडू त्याच्या आवडीच्या जागी द्यायचा, पण त्याला दोन पावलं पळवून, म्हणजे त्याला वाटतं आपण मिळवला. पॉइंट सोडायचा तर जाळ्यात मारायचा नाही, ते दिसतं. वीतभर बाहेर मारायचा, आणि वर चुकचुकायचं. पाटीच्या सेटमध्ये चार-चार बरोबरी करायची, मग हळूच एक सर्व्हिस गमवायची. नवीन कलेक्टर आला की पहिल्या वर्षी त्याचं नाव पाटीवर चढणारच. दोन वर्षं चढलं की तो क्लबाला छपराचे पत्रे मंजूर करतो. हे मला कोणी शिकवलं नाही, माझ्या आधीच्या बुढ्या मार्करला पाहून कळलं. आणि मला त्यात मजा यायची. का नाही यायची? पन्नास माणसांत मी एकटाच जाणत होतो की खेळ कोण चालवतो आहे.

मु. वकिलांना मात्र कलेक्टर म्हणून दिलं नाही. त्यांना आवडीनं दिलं. आई गेली त्या वर्षी पहिला सेट दिला, मग देतच गेलो.

आता हात फक्त देतो. घेणं त्याला येत नाही.

१० नोव्हेंबर

उपाय केला. बडनेऱ्याच्या कोर्टावर पलीकडे उजव्या कोपऱ्यात, जिथे समोरच्याचा फोरहँड असतो, तिथे रॉकेलचा रिकामा डबा ठेवला. डब्याला न लागता डाव्या कोपऱ्यात मारायचं. दहा चेंडू मारले. सात डब्यावर वाजले. लोक डब्याला नेम लागावा म्हणून घाम गाळतात, मी चुकावा म्हणून गाळतो.

कौ. सोबत आली होती, तिची बडनेऱ्याला मावशी. डब्याचा तमाशा पाहून म्हणाली, डबा काढा, मीच उभी राहते, मला तर नाही मारणार ना. छत्री उघडून उभी राहिली. पहिला चेंडू तिच्या घोट्यावर. लंगडत बाहेर आली आणि मग बसली ती हसत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ऑगस्टपासून पहिल्यांदा नीट बोललो आम्ही. परतताना सायकलीवर म्हणाली, हे तुमच्या आंगात मुरलं हाय, पण काढा.

३ डिसेंबर

पत्र आलं. इंग्रजी. मु. वकिलांकडे घेऊन गेलो. त्यांनी कोर्टात जायचा काळा कोट घातलेला, उभ्यानंच वाचलं आणि मोठ्यानं हसले. मंजूर. मी हौशी.

पायरीवर बसलो. रडू आलं, त्यांच्यासमोर. ते आत जाऊन पाणी घेऊन आले, स्वतः.

कौ. ला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं. मग थोड्या वेळानं कागद मागितला, हातात धरून पाहिला आणि ट्रंकेत लुगड्याखाली ठेवला.

२४ डिसेंबर

सत्तारभाईंना हरवलं. ६-३. डावा कोपरा, डावा कोपरा, जाळ्याजवळ, डावा कोपरा. सत्तारभाई खूश. मला मात्र सबंध वेळ चोरी केल्यासारखं वाटत होतं. चेंडू त्यांच्यापासून लांब पडला की तोंडातून "सॉरी" निघायचं. त्यांनी चौदा वेळा मोजलं म्हणे.

५ जानेवारी १९६४, रविवार

अकोल्याहून जोड्या आल्या. आठ नावं. पहिली मॅच मी आणि मूर्तिजापूरचे एक डॉक्टर. मु. वकील आणि खामगावचे कोणी. दोघं जिंकलो तर पुढे समोरासमोर.

मु. वकील स्वतः सांगायला आले, लहान मुलासारखे आनंदात. "दहाव्यांदा हरवतो का नाही पाय तुले." मी हो म्हणालो. चहा झाला. फोरहँडला अलीकडे थोडी जास्त फिरकी देतोय, म्हणाले, बघशील.

ते गेल्यावर कौ. नं विचारलं, "कावो, हरवान का त्यायले?"

मी म्हणालो, खेळायचं आहे.

ते नाही विचारलं, म्हणाली.

कशासाठी हे सगळं केलं? एकदा तरी खरं खेळायचं म्हणून. आणि समोर कोण येतो, तर ज्यानं मला खेळायला मिळवून दिलं तो. खरा खेळलो तर त्या माणसाचे नऊ सेट मातीत जातात. खोटा खेळलो तर माझी ही एकच मॅच जाते. दुसरा कोणीही आला असता तर. मनापासून वाटतं, खामगाववाल्यानं त्यांना हरवावं. असं वाटण्याचीही लाज वाटते.

१७ जानेवारी, शुक्रवार. अकोला

सकाळच्या गाडीनं आलो. मेहुणा शंकर पोस्टात आहे, जठारपेठेत त्याच्याकडे उतरलो. कोर्ट चांगलं, शेणामातीचं, पण रेघा वाकड्या. हात शिवशिवले.

दुपारी डॉक्टरांशी मॅच. जाळ्यापाशी नावं पुकारली: श्री. किसन वानखडे, अमरावती. "श्री." ऐकून मागे वळून पाहिलं. ६-२, ६-१. डॉक्टर बिचारे दमले होते, त्यात काही कळलं नाही. पण जिंकलो. चहाच्या टेबलावर इतर खेळाडूंबरोबर खुर्चीत बसून चहा. सवयीनं रिकामे कप गोळा करायला उठलो होतो, बसलो परत.

मु. वकीलही जिंकले.

१८ जानेवारी, शनिवार. अकोला, संध्याकाळ

मॅच सव्वाचारला सुरू. आधीची लांबली. सत्तारभाई मालगाडी पोचवून आलेले, तिथेच बसले. शंभरेक लोक असतील.

पहिला सेट. माझी सर्व्हिस, त्यांचा फोरहँड. माझा चेंडू, त्यांचा फोरहँड. ठरवून डावीकडे मारायला हात उचलायचा आणि चेंडू उजवीकडे जायचा. बडनेऱ्याला जमलं होतं, इथे समोर ते दिसले की जमेना. चारला चार झाले. मग माझी सर्व्हिस गेली, वीतभर बाहेर. मी चुकचुकलो. अगदी क्लबातल्यासारखा. ६-४.

मुद्दाम केलं का? नाही. पण नाही असंही छातीठोक लिहवत नाही.

बाजू बदलताना सत्तारभाई कठड्यापलीकडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "किसनभाऊ, नोकरी सोडा आता."

दोन-चार लोक हसले. मु. वकील टॉवेलनं तोंड पुसत होते, थांबले. विचारलं, काय म्हणतो तो? मी म्हणालो, काही नाही साहेब. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वकील माणूस, तीस वर्षं साक्षीदार पाहिलेले. टॉवेल कठड्यावर टाकून पलीकडे गेले.

दुसऱ्या सेटचा पहिला चेंडू त्यांच्या डाव्या हाताला गेला. कसा गेला माहीत नाही. गेला. त्यांनी बॅकहँड मारला, रॅकेटच्या लाकडावर बसून आभाळात. पुढचा पुन्हा तिथे. पुन्हा तेच. त्यांचा चेहरा बदलला. हरण्यानं नाही, ते हरायला भीत नाहीत. आपला बॅकहँड असा आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं. पंधरा वर्षांत मी तिकडे चेंडू जाऊच दिला नाही. शिकवणं ही माझी नोकरी होती आणि अर्धा खेळ मी त्यांच्यापासून लपवून ठेवला.

तरी थांबलो नाही. हेही लिहून ठेवतो. थांबता आलं असतं. पण एकदा हाताला रस्ता सापडला, तसं अंगात वारं शिरलं. डावीकडे, डावीकडे, जाळ्याजवळ टाकून पुन्हा डावीकडे. कशाची लाज वाटली नाही, सॉरी निघालं नाही. छप्पन वर्षांचा माणूस घाम निथळत पळत होता आणि मला आनंद होत होता. ६-२.

उजेड गेला. पंचांनी थांबवलं. तिसरा सेट उद्या सकाळी सात वाजता. त्यांनी हात मिळवला, चांगलं खेळलास म्हणाले आणि निघून गेले. दरवेळी खांद्यावर हात टाकून चालतात.

तेवढ्यात लिहिलं. शंकर हाक मारतो आहे, दारात कोणी आलं आहे.

त्याच दिवशी, जेवणाआधी

मु. वकीलच होते. पत्ता विचारत आले. शंकरनं खुर्ची दिली. बसले नाहीत, मग बसले. शंकर आत गेला.

म्हणाले, "किसन, एक विचारतो. पाटीवरच्या नऊपैकी खरे किती?"

तुम्ही चांगलं खेळता साहेब, मी म्हणालो.

ते विचारलं नाही, म्हणाले. कौसल्येसारखंच.

खोटं बोलता आलं असतं. तीन खरे म्हटलं असतं तर ते तेवढ्यावर घरी गेले असते. शिफारशीतला सचोटी शब्द आठवला. आणि त्यांनी स्वतः आणलेलं पाण्याचं तांब्याभांडं.

"एकही नाही, साहेब," मी म्हणालो.

आत शंकरच्या बायकोच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, कलेक्टरला दिले तसे नाही दिले तुम्हाला. जीव होता म्हणून दिले. हे सांगायला नको होतं बहुतेक. त्यांनी हातानं थांबवलं.

"जीव होता तर सांगायचं होतं ना रे. पंधरा वर्षं तू मले अर्ध्या कोर्टात ठेवलं. अन् मी समजून राहिलो का पुरा खेळतो."

माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, कळलं नाही.

उठताना विचारलं, माझ्यापेक्षा किती चांगला आहेस तू? रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब. कधी पाहिलंच नाही."

त्यावर पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. उद्या पाहू म्हणाले. दारात जोडे घालताना म्हणाले, दया केलीस तर मला कळेल आता, आणि मग तुझी माझी ओळख राहणार नाही. पायऱ्या उतरून गेले. कंदील घेऊन शंकर मागे धावला, त्यांनी नको म्हटलं.

त्यांचा अपमान मी आज केला की पंधरा वर्षं रोज करत होतो, हे समजत नाही.

१९ जानेवारी, रविवार. अकोला

साडेसहा. कोर्टावर बाकावर बसून लिहितो आहे. थंडी आहे, बोटं आखडली आहेत. पंच अजून यायचे. मी पहिला असेन वाटलं होतं.

मु. वकील आधीच आलेले. पलीकडे सराव करायची भिंत आहे, तिथे एकटे. कोट काढून कठड्यावर ठेवला आहे. बॅकहँड मारताहेत, फक्त बॅकहँड. दहातले तीन भिंतीवर नीट लागतात. बाकीचे मातीत जातात, ते स्वतः जाऊन उचलून आणतात, पुन्हा मारतात. मला पाहिलेलं नाही.

चूक दिसते आहे मला. अंगठा. रॅकेटच्या दांड्यामागे अंगठा टेकवत नाहीत, म्हणून मनगट मागे पडतं. एका वाक्याचं काम आहे. आज सांगितलं तर आजच सगळं नाही सुधारणार, पण दहातले पाच नीट जातील. तिसऱ्या सेटला पाच पुष्कळ झाले.

सांगितलं तर ते पुन्हा देणं झालं का? त्यांनी बजावलं आहे. आणि नाही सांगितलं तर मग मी तीच पंधरा वर्षं आणखी अर्धा तास चालवली. माझी मॅच आहे ही. सव्वीस वर्षं थांबलो हिच्यासाठी. जिंकायचं आहे मला, हे इथे स्पष्ट लिहितो. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. पण समोर पुरा खेळणारा माणूस हवा, नाहीतर मी किती चांगला ते आजही कळायचं नाही.

नऊ सेट दिले तेव्हा कधी जड गेलं नाही. हे एक वाक्य जड जातं आहे.

पंच आले. जाळं बांधताहेत. सातला दहा मिनिटं आहेत. मु. वकिलांचा चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला आहे आणि ते तो घ्यायला इकडेच येताहेत. वही मिटतो.